चालू जिनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटासेटच्या जागी एंटिटी फ्रेमवर्क कोअर कसं आणायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही जिनिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये जाऊन ऑफिसच्या पीसीवर बघा, बहुतेक ठिकाणी सी शार्पमध्ये विनफॉर्म्सवर लिहिलेलं, डेटासेट आणि टेबल ॲडॅप्टर (टेबलातला डेटा मेमरीत आणून परत लिहायची जुनी पद्धत) वापरणारं, खाली एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस असलेलं सॉफ्टवेअर चालू असतं. आणि चांगलं चालू असतं. अडचण तेव्हा येते जेव्हा मालक म्हणतो की मोबाईलवर आजची आवक दिसली पाहिजे, किंवा एक कॉलम वाढवायचा म्हणून आपण डिझायनर उघडतो आणि ३० ठिकाणच्या क्वेऱ्या हाताने बदलत बसतो. तेव्हा नवीन डेटा ॲक्सेस आणायचा विचार येतो, आणि तिथंच बरेच जण सगळं एकदम नवीन लिहायला घेतात.

माझं म्हणणं सरळ आहे, सगळं एकदम लिहू नका. जुनं आणि नवीन एकाच डेटाबेसवर, एकाच कनेक्शनवर, गरज पडली तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये शेजारी-शेजारी चालवता येतं, आणि एकेक स्क्रीन करत गेलं तर एक दिवसही काटा (गाड्यांचं वजन करायचा) बंद ठेवावा लागत नाही. हे शक्य आहे कारण एडीओ डॉट नेट, म्हणजे डेटाबेसशी बोलायची डॉट नेटची मूळ सोय, २००२ मध्ये आलं आणि त्यानंतर जे जे आलं, २००८ चं एंटिटी फ्रेमवर्क (सी शार्पच्या कोडवरून एसक्यूएल स्वतः बनवणारं), २०११ चं डॅपर, २०१६ चं एंटिटी फ्रेमवर्क कोअर, ते सगळं खाली त्याच एडीओ डॉट नेटच्या कनेक्शन आणि कमांडवरच उभं आहे. म्हणजे तुम्ही पाया बदलत नाही, पायाशी बोलायची पद्धत बदलताय.

आधी काय घ्यायचं ते ठरवा

हा निर्णय कोडवरून घेऊ नका, काट्याच्या केबिनमधल्या पीसीवरून घ्या. तिथं विंडोज ७ असेल तर डॉट नेट ८ ला तिथं सपोर्ट नाही, डॉट नेट ६ विंडोज ७ वर चालायचं पण त्याचाही सपोर्ट २०२४ मध्ये संपला. आणि डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वरच राहायचं असेल तर एंटिटी फ्रेमवर्क कोअरचं ३.१ च्या पुढचं काही चालत नाही, आणि त्या ३.१ चा सपोर्टही डिसेंबर २०२२ मध्ये संपलाय. त्यामुळे पीसी बदलायला मालक तयार नसेल तर डॅपर घ्या किंवा जुनं एंटिटी फ्रेमवर्क ६ घ्या, दोन्ही ४.८ वर व्यवस्थित चालतात. डॅपरमध्ये एसक्यूएल तुमचंच राहतं, फक्त डेटा-रो मधून एकेक कॉलम काढून कास्ट करायची कटकट जाते, आणि ज्याचं सॉफ्टवेअर मुळात रिपोर्टांवर चालतं त्याला तेवढं पुष्कळ आहे.

पीसी नवीन असतील तर मग डॉट नेट १० आणि एंटिटी फ्रेमवर्क कोअर १० घ्या, कारण ८ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे आणि १० चा नोव्हेंबर २०२८ पर्यंत. पण फ्रेमवर्क बदलणं आणि डेटा ॲक्सेस बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एका झटक्यात करू नका. आधी आहे तेच सॉफ्टवेअर, त्याच डेटासेटसकट, नवीन डॉट नेटवर उभं करा. त्यात दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. एक म्हणजे क्रिस्टल रिपोर्ट, तो डॉट नेट फ्रेमवर्कलाच बांधलेला आहे, नवीन डॉट नेटमध्ये येत नाही, त्यामुळे हिशोबपट्टी आणि पावतीचं प्रिंट कशात काढायचं ते आधी सोडवा. दुसरं म्हणजे काट्याच्या इंडिकेटरची सिरीयल केबल, सिरीयल पोर्टचा क्लास आता वेगळ्या पॅकेजमधून घ्यावा लागतो, तो घेतला की कोड तसाच चालतो. हे दोन्ही झाल्यावर सॉफ्टवेअर काही दिवस तसंच चालू द्या, मगच पुढे सरका.

कोडमध्ये एसक्यूएल कुठं कुठं आहे ते शोधा

कंटाळवाणं काम आहे पण सगळं यावरच उभं राहतं. पूर्ण प्रोजेक्टमध्ये सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट शोधा, एक्सएसडी फायलींच्या आत पण शोधा कारण टेबल ॲडॅप्टरच्या क्वेऱ्या तिथं लपलेल्या असतात. डेटाबेसमध्ये जाऊन स्टोअर्ड प्रोसिजर आणि खास करून ट्रिगर (टेबलात काही बदललं की आपोआप चालणारा कोड) बघा. ट्रिगरची यादी वेगळी कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल. प्रत्येक टेबलासमोर लिहा की याला प्रायमरी की आहे का, कारण आपल्याकडच्या जुन्या डेटाबेसमध्ये हमालीचं टेबल किंवा उचलचं (शेतकऱ्याला आगाऊ दिलेल्या पैशांचं) टेबल बिनकीचं सापडतंच, आणि एंटिटी फ्रेमवर्क अशा टेबलातून वाचू शकतं पण त्यात लिहू शकत नाही.

मग गेल्या सीझनच्या खऱ्या डेटाचा बॅकअप घेऊन स्वतःच्या मशीनवर रिस्टोअर करा. दहा शेतकरी आणि वीस गाड्यांच्या डमी डेटावर सगळंच पळतं, त्याच्यावरून काहीच कळत नाही. ऐन सीझनमध्ये गेटवर ट्रॅक्टर आणि पिकअपची लाईन असते तेव्हा पावती निघायला किती वेळ लागेल हे फक्त खरा डेटाच सांगतो.

कनेक्शन: सगळ्यात आधी लायब्ररी बदला

एसक्यूएल सर्व्हरशी बोलणाऱ्या दोन लायब्रऱ्या आहेत, एक जुनी सिस्टिम डॉट डेटा वाली आणि एक नवीन मायक्रोसॉफ्ट डॉट डेटा वाली. क्लासची नावं तीच, पण एकीचं कनेक्शन किंवा ट्रान्झॅक्शन दुसरीला देता येत नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअर नवीन लायब्ररी वापरतं. तर जुना कोड आणि नवीन कोड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवायचा असेल तर आधी जुना कोड या नवीन लायब्ररीवर आणावा लागतो. हाताने लिहिलेल्या कोडमध्ये नेमस्पेस बदलायचं काम आहे, डिझायनरने तयार केलेल्या टेबल ॲडॅप्टरच्या फायलीत जरा सांभाळून, कारण डिझायनर परत उघडला की तो जुनं नाव परत टाकू शकतो.

हे केलं आणि सॉफ्टवेअर चालू केलं की बऱ्याच ठिकाणी लगेच सर्टिफिकेटवर विश्वास नाही अशी एरर येते, आणि माणूस घाबरून सगळं मागे घेतो. घाबरायचं कारण नाही. या लायब्ररीच्या ४.० व्हर्जनपासून एन्क्रिप्शन डिफॉल्ट चालू झालंय, आणि ऑफिसच्या सर्व्हरवर एसक्यूएलने स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असतं जे क्लायंट मान्य करत नाही. बंद ऑफिसच्या लॅनवर कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट ट्रू करून टाका. पण सर्व्हर बाहेरून, इंटरनेटवरून उघडा असेल तर असं करू नका, तिथं नीट सर्टिफिकेट घाला.

एक डेटाबेसकडची गोष्ट याच वेळी तपासा, कम्पॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे डेटाबेस सर्व्हरच्या कुठल्या व्हर्जनसारखा वागतो ते. सर्व्हर नवीन टाकला तरी जुन्या सर्व्हरवरून रिस्टोअर केलेला डेटाबेस आपली जुनी लेव्हल तशीच ठेवतो, १०० किंवा ११० असते. एंटिटी फ्रेमवर्क कोअर ८ मध्ये यादीतले कोड शोधणारी क्वेरी ओपन-जेसन वापरून जाते आणि ते १३० च्या खाली चालतच नाही, सिंटॅक्स एरर येते आणि कळत नाही की आपलं काय चुकलं. लेव्हल वाढवायची तर कॉपीवर वाढवून सगळे मोठे रिपोर्ट परत चालवून बघा, नाहीतर एंटिटी फ्रेमवर्कला सांगा की लेव्हल अमुक आहे असं धर.

मॉडेल: डेटाबेसवरून बनवून घ्या, हाताने लिहू नका

स्कॅफोल्ड नावाची कमांड आहे, ती चालू डेटाबेस वाचून क्लास आणि कॉन्टेक्स्ट (ज्याच्यातून सगळं वाचणं-लिहिणं होतं तो मुख्य क्लास) बनवून देते. ती वापराच. हाताने क्लास लिहिले की दोन ठिकाणी गुपचूप नुकसान होतं. पहिलं ठिकाण डेसिमल. काहीच सांगितलं नाही तर एंटिटी फ्रेमवर्क डेसिमल १८,२ धरतं. तुमच्या टेबलात वजन क्विंटलमध्ये तीन डेसिमलला असेल, समजा १२.३४५, तर शेवटचा अंक न विचारता कापला जातो आणि १२.३४ सेव्ह होतं, अर्धा किलो गेला. एका गाडीचं काही वाटत नाही, पण सीझनभराच्या गाड्यांच्या शेवटी स्टॉक आणि काटा जुळत नाही आणि मुनीम रात्र-रात्र बसतो.

दुसरं ठिकाण स्ट्रिंग. सी शार्पची स्ट्रिंग एंटिटी फ्रेमवर्क आपोआप एन-व्हारचार (युनिकोड टेक्स्ट) समजतं. तुमचा शेतकरी कोड किंवा गाडी नंबरचा कॉलम साधा व्हारचार असेल आणि पॅरामीटर एन-व्हारचार गेला, तर सर्व्हर कॉलमच दुसऱ्या टाईपमध्ये बदलून तुलना करतो आणि जुन्या एसक्यूएल-वाल्या कोलेशनवर तर इंडेक्स असूनही पूर्ण इंडेक्स चाळत बसतो. गाडी नंबर टाकून एंटर मारला की स्क्रीन अडकते, आणि सगळे म्हणतात नवीन टेक्नॉलॉजी स्लो आहे. स्कॅफोल्डने मॉडेल बनवलं तर त्या कॉलमवर युनिकोड नाही असं ती स्वतः लिहून देते. डॅपरवाल्यांनी हे स्वतः सांगायचं, डीबी-स्ट्रिंग वापरून, कारण डॅपरला कॉलमचा टाईप माहीतच नसतो.

मराठी नावांचा विषय पण इथंच येतो. काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गावाची आणि माणसांची नावं कृतीदेव सारख्या जुन्या फॉन्टच्या कोडमध्ये व्हारचार कॉलमात भरलेली असतात, फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. ते युनिकोडमध्ये आणायचंच आहे, कॉलम एन-व्हारचार करायचाच आहे, पण या कामासोबत नाही. साध्या व्हारचार कॉलमात खरं देवनागरी टाकलं तर सरळ प्रश्नचिन्हं सेव्ह होतात आणि ती परत नाव होत नाहीत. म्हणून आत्ता कॉलम जसा आहे तसा ठेवा, युनिकोडचं काम वेगळं धरा.

स्कॅफोल्ड झालं की कॉन्टेक्स्टच्या फाईलमध्ये बघा, पासवर्डसकट कनेक्शन स्ट्रिंग तिथं लिहिलेली असते. ती काढून कॉन्फिगमध्ये न्या.

पहिला स्क्रीन रिपोर्टचा घ्या

सुरुवात वाचण्यापासून. रोजची आवक, नाहीतर शेतकऱ्याचं खातं, असा एक रिपोर्ट घ्या जो रोज लागतो पण चुकला तर डेटा बिघडत नाही. क्वेरीला ॲझ-नो-ट्रॅकिंग लावा, म्हणजे वाचलेल्या प्रत्येक ओळीची नोंद कॉन्टेक्स्ट धरून बसत नाही. आणि पूर्ण ऑब्जेक्ट आणू नका, सिलेक्ट करून रिपोर्टला लागतात तेवढेच कॉलम आणा.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय, बनलेलं एसक्यूएल प्रत्येक वेळी डोळ्याने बघा. टू-क्वेरी-स्ट्रिंग लावला की जी क्वेरी जाणार ती मिळते, लॉग-टू लावला की जाणारी प्रत्येक क्वेरी खिडकीत दिसते. लॉग चालू ठेवून शेतकरी खात्याचा रिपोर्ट एकदा चालवा. एका शेतकऱ्याला एक क्वेरी असं लागोपाठ पळताना दिसलं तर लूपच्या आत क्वेरी बसलीय, ती बाहेर काढून एकात आणा. आणि उलटं पण होतं, एका क्वेरीत शेतकऱ्यासोबत त्याच्या गाड्या पण इन्क्लूड केल्या आणि उचली पण इन्क्लूड केल्या, तर ४० गाड्या आणि २५ उचली असलेल्या माणसाच्या १,००० ओळी सर्व्हरवरून येतात कारण प्रत्येक गाडी प्रत्येक उचलीशी जोडली जाते. तिथं ॲझ-स्प्लिट-क्वेरी लावा, किंवा बेरजाच पाहिजेत तर बेरीज सर्व्हरवरच करून आणा.

इन्क्लूड विसरलात तर एरर येत नाही हे पण ध्यानात ठेवा. लेझी लोडिंग डिफॉल्ट बंद असतं, त्यामुळे गाड्यांची लिस्ट रिकामी मिळते आणि बेरीज शून्य येते, रिपोर्ट दिसायला एकदम व्यवस्थित.

अजून एक. तुमचं स्वतःचं फंक्शन, समजा कडता (वजनातली कपात) काढणारं, व्हेअरमध्ये घातलं तर एंटिटी फ्रेमवर्क कोअर ३.० पासून ट्रान्सलेट होत नाही म्हणून एरर देतं. नेटवर उपाय मिळतो की व्हेअरच्या आधी टू-लिस्ट लावा, एरर जाते. जाते खरी, पण आता पूर्ण टेबल आधी मेमरीत येतं आणि मग गाळलं जातं. ती एरर तुमच्या भल्यासाठी आहे. फंक्शनमधलं गणित क्वेरीत उघडं करून लिहा, किंवा ती क्वेरी सरळ रॉ एसक्यूएलमध्ये ठेवा. जड रिपोर्टाला रॉ एसक्यूएल किंवा डॅपर ठेवण्यात काहीच कमीपणा नाही, ते त्याच कनेक्शनवर चालतं.

जुना आणि नवीन रिपोर्ट शेजारी ठेवा, आणि रुपया मोजा

नवीन रिपोर्ट झाला म्हणजे काम झालं असं नाही. पूर्ण सीझनच्या प्रत्येक तारखेला जुना कोड आणि नवीन कोड दोन्ही चालवणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, आणि वजन, रक्कम, कपात, देणं अशा बेरजा पैशापर्यंत जुळवा. इथं जो फरक सापडतो तो बहुतेक वेळा राऊंडिंगचा असतो, आणि तो मी नीट सांगतो कारण हा फार कमी जणांना माहीत असतो.

कापूस १२.३५ क्विंटल, भाव ७,११०. रक्कम ८७,८०८.५० होते. एसक्यूएल सर्व्हरच्या राऊंडने ती ८७,८०९ होते कारण तो अर्धा वर नेतो. सी शार्पचं मॅथ राऊंड मात्र अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं, म्हणून ८७,८०८. आता खरी मेख अशी की हेच मॅथ राऊंड तुम्ही एंटिटी फ्रेमवर्कच्या क्वेरीत लिहिलं तर ते एसक्यूएलच्या राऊंडमध्ये बदलून सर्व्हरवर चालतं. म्हणजे अक्षर न अक्षर तोच कोड, क्वेरीच्या आत असला तर ८७,८०९ आणि टू-लिस्टनंतर असला तर ८७,८०८. पावती एक सांगते, खातं दुसरं सांगतं. आणि अमळनेर-पारोळ्याकडचा शेतकरी खिडकीशी दोन्ही कागद घेऊन उभा राहतो, "भाऊ, मना पैसा कोठे गयात?" त्याचं बरोबर आहे. रुपया त्याचाच आहे, आणि कागदावर एकदा संशय आला की तो पुढची गाडी दुसऱ्या जिनिंगला नेतो.

उपाय असा, रक्कम राऊंड करायची जागा पूर्ण सॉफ्टवेअरमध्ये एकच ठेवा, पावती बनतानाच सी शार्पमध्ये अवे-फ्रॉम-झीरो सांगून राऊंड करा आणि तो आकडा टेबलात सेव्ह करा. नंतर कुठल्याही रिपोर्टने परत गुणाकार करायचा नाही, सेव्ह केलेला आकडाच वाचायचा.

लिहिणारे स्क्रीन: इथं घाई नको

रिपोर्ट जुळले की मग मास्टर, म्हणजे शेतकरी, गाव, भाव. आणि सगळ्यात शेवटी काटापावती आणि हिशोबपट्टी.

कॉन्टेक्स्ट किती वेळ जिवंत ठेवायचा हे पहिल्यांदा ठरवा. पूर्ण प्रोग्रॅमला एकच कॉन्टेक्स्ट, सकाळी उघडला आणि संध्याकाळी बंद, असं करू नका. एकदा वाचलेली ओळ तो धरून ठेवतो, आणि तुम्ही परत क्वेरी मारली, सर्व्हरवरून नवीन आकडा आला, तरी आधी धरलेला ऑब्जेक्टच तुम्हाला परत देतो. काट्याच्या केबिनमध्ये खाली (रिकाम्या) गाडीचं वजन टाकलं तरी ऑफिसच्या पीसीवर शून्यच दिसत राहतं. एका कामाला एक कॉन्टेक्स्ट, पावती उघडली की नवीन, सेव्ह झालं की फेकून द्या. दोन थ्रेडमधून एकच कॉन्टेक्स्ट तर कधीच वापरू नका, सिरीयल पोर्टचा इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर येतो, तिथून सरळ सेव्ह करायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

यानंतरची गोष्ट मला या पूर्ण लेखात सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. जुना डेटा ॲडॅप्टर कमांड बिल्डरसोबत वापरला असेल तर तो अपडेट करताना व्हेअरमध्ये सगळ्या कॉलमच्या जुन्या किमती टाकत होता, म्हणजे मधल्या वेळात दुसऱ्या कोणी ती ओळ बदलली असेल तर अपडेट होत नव्हतं आणि एरर येत होती. तुम्ही न मागता मिळालेलं हे संरक्षण होतं. एंटिटी फ्रेमवर्क हे स्वतःहून करत नाही. ते फक्त की बघतं आणि बदललेले कॉलम लिहितं. समजा काटेवाला एका पावतीत खाली गाडीचं वजन दुरुस्त करतोय आणि त्याच वेळी मुनीम ऑफिसात तीच पावती उघडून जुन्या वजनावर कडता आणि रक्कम टाकतोय. दोघांचंही सेव्ह होतं, कोणालाच एरर येत नाही, आणि टेबलात नवीन वजन आणि जुन्या वजनाची रक्कम अशी पावती तयार होते जी दोघांपैकी कोणीच बनवली नाही.

म्हणून पावती, हिशोबपट्टी, उचल या टेबलांना रो-व्हर्जन कॉलम घाला आणि मॉडेलमध्ये तो कॉन्करन्सी टोकन म्हणून सांगा. मग दुसऱ्याचं सेव्ह अडतं, तुम्ही ती एरर पकडून सांगायचं की ही पावती आत्ताच काट्यावरून बदलली, परत उघडा. आपोआप परत सेव्ह करायचा शहाणपणा करू नका, आकडा माणसाला बघू द्या. कॉलम घालण्याआधी जुन्या कोडमध्ये कॉलमची नावं न लिहिता केलेले इन्सर्ट शोधा, एक कॉलम वाढला की ते सगळे बंद पडतात.

ट्रिगरची यादी केली होती ती आता काढा. एंटिटी फ्रेमवर्क कोअर ७ पासून सेव्ह करताना आऊटपुट क्लॉज वापरतं, आणि टेबलावर ट्रिगर असेल तर एसक्यूएल सर्व्हर ते तसं चालू देत नाही. स्टॉक वाढवणारा ट्रिगर पावतीच्या टेबलावर असेल तर पहिल्याच सेव्हला एरर. मॉडेलमध्ये त्या टेबलाला ट्रिगर आहे एवढं सांगितलं की ते जुन्या पद्धतीने सेव्ह करतं आणि चालतं.

एकाच कामात अर्धं जुनं आणि अर्धं नवीन असेल, म्हणजे पावती नवीन कोडने सेव्ह होते आणि उचलीची कपात अजून जुन्या प्रोसिजरने, तर कनेक्शन तुम्ही उघडा, ट्रान्झॅक्शन तुम्ही सुरू करा, तेच कनेक्शन कॉन्टेक्स्टला द्या आणि यूज-ट्रान्झॅक्शनने तेच ट्रान्झॅक्शन पण द्या. दोन्ही झालं तरच कमिट. लाईट मध्येच गेली तर दोन्ही मागे जातं. रिट्राय ऑन फेल्युअर नावाची सोय मात्र इथं लावू नका, ती तुम्ही स्वतः सुरू केलेल्या ट्रान्झॅक्शनसोबत तशीच चालत नाही, ती क्लाऊडवरच्या डेटाबेससाठी कामाची.

पावती नंबर

जुन्या कोडमध्ये मॅक्स अधिक एक असतं, आणि दोन काट्यांवर एकाच क्षणी दोन गाड्या आल्या तर एकच नंबर दोघांना. नवीन लिहिताना मोह होतो की आयडेंटिटी कॉलमच पावती नंबर करून टाकू. तसं करू नका. सर्व्हर आयडेंटिटीचे पुढचे नंबर आधीच मेमरीत घेऊन ठेवतो, आणि लाईट जाऊन सर्व्हर धाडकन बंद पडला तर इंट कॉलममध्ये पुढचा नंबर १,००० ने उडी मारू शकतो. आपल्याकडे लाईटचं काय सांगावं, युपीएसची बॅटरी पण बसलेली असते. पावती ४१२ नंतर एकदम १,४०० च्या पुढे गेली तर ऑडिटमध्ये मधल्या पावत्या कुठं म्हणून विचारणारच. नंबरसाठी वेगळं छोटं टेबल ठेवा, सीझन आणि चालू नंबर, आणि पावती सेव्ह होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये रॉ एसक्यूएलने तो एक वाढवून घ्या. त्या ओळीला कुलूप लागतं, दुसरा काटा क्षणभर थांबतो, आणि सेव्ह फसलं तर नंबर पण मागे येतो. आयडेंटिटी आतल्या की साठी राहू द्या.

टेबलांचे बदल कोण करणार

सुरुवातीला एंटिटी फ्रेमवर्कच्या मायग्रेशनला (कोडवरून टेबलं बदलायच्या सोयीला) हात लावू नका, टेबल एसक्यूएल स्क्रिप्टनेच बदला आणि परत स्कॅफोल्ड करा. सगळे स्क्रीन नवीन झाले की मगच मायग्रेशन सुरू करायचं. तेव्हा पहिलं मायग्रेशन बनवून त्याच्या अप मेथडमधला सगळा कोड रिकामा करायचा आणि मग ते लावायचं, म्हणजे टेबलं परत बनवायला जात नाही, फक्त हिस्टरीच्या टेबलात नोंद होते की इथपर्यंत झालंय. पुढचे बदल स्क्रिप्ट काढून, वाचून, बॅकअप घेऊन लावा. प्रोग्रॅम सुरू होताना आपोआप मायग्रेट करायची ओळ लिहू नका, चार पीसी सकाळी एकदम चालू होतात.

कधी लावायचं

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर. कापसाची आवक आटलेली असते, जिनिंगची मेंटेनन्सची कामं चालू असतात, मुनीमाला बसून बघायला वेळ असतो. पहिले रिपोर्ट उन्हाळ्यात, मास्टर पावसाळ्यात, आणि काटापावती दिवाळीच्या आवकेआधी पूर्ण तपासून. कॉन्फिगमध्ये प्रत्येक स्क्रीनला एक स्विच ठेवा, जुना की नवीन, म्हणजे गेटवर गाड्या उभ्या असताना काही अडलं तर फोनवर सांगून एका मिनिटात जुन्या स्क्रीनवर जाता येतं. पण रो-व्हर्जन घातलेल्या टेबलावर जुना स्क्रीन अजून चालतो का हे आधी तपासलेलं पाहिजे, नाहीतर तो स्विच शोभेचा.

काटापावती लावताना दोन काटे असतील तर आधी एकाच काट्यावर लावा. काटेवाल्याजवळ स्वतः उभं राहा, भरलेली गाडी, खाली गाडी, पावती, हे चक्र तो कसं करतो ते बघा, कारण तो माऊस वापरत नाही, सगळं एंटर आणि फंक्शन कीवर करतो आणि नवीन स्क्रीनवर फोकस एका खोक्याने जरी हलला तरी चुकीच्या खोक्यात वजन पडतं. रोज संध्याकाळी जुन्या-नवीनची बेरीज जुळवणारा तो छोटा प्रोग्रॅम चालवत राहा.

एक सीझन पूर्ण गेला, शेवटच्या गठाणीपर्यंत स्टॉक जुळला, की मग स्विच काढा, एक्सएसडी फाईल एकेक करून काढत जा, प्रत्येक वेळी बिल्ड करा. काही जुने रिपोर्ट उरतील जे वर्षातून एकदाच लागतात, ऑडिटचे वगैरे. ते साध्या एसक्यूएलवर चालत असतील आणि आकडा बरोबर येत असेल तर राहू द्या, फक्त ते नवीन लायब्ररीच्या कनेक्शनवरच जातायत ना एवढं बघा.